कोतवाल बुकातली मुलगी



गेले दोन महिने आमच्या दापोडीच्या घरात जेवणाच्या टेबलावर ताटांपेक्षा कागदच जास्त दिसतात. मुलगा अमेरिकेचा नागरिक झाला आणि आता आम्हा दोघांच्या कायमच्या व्हिसासाठी अर्ज करतोय. एकवीस वर्षांवरच्या नागरिक मुलाला आईवडिलांसाठी असा अर्ज करता येतो. पण दोघांचे अर्ज वेगळे, यांच्या अर्जात मी आपोआप बसत नाही. म्हणजे दोन फायली आणि फीसुद्धा दोनदा.

प्रत्येक मराठी कागदाला पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडायचं. खाली भाषांतर करणाऱ्याने सही करून लिहून द्यायचं, की हे पूर्ण आणि अचूक आहे व मला या भाषांतराइतकी भाषा येते. नोटरी त्यांच्या नियमात नाही. तरी एका दुकानाने पानागणिक नोटरीचे पैसे लावले होते, ते मी बिलातून काढायला लावले. त्याच दुकानाने माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरच्या ‘जैन चतुर्थ’चं ‘जैन फोर्थ’ करून ठेवलं! आमचा अख्खा समाज चौथ्या नंबरावर. शेवटी सोसायटीतल्या निवृत्त इंग्रजीच्या बाईंनी सगळं नीट करून दिलं.

खरी गाठ नावांची. आई-मुलाचं नातं सिद्ध होतं ते मुलाच्या जन्मदाखल्यावरून, आणि त्यावर माझं सासरचं नाव. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. लग्नात ताटातल्या तांदळांवर नाव लिहिलं आणि मी दुसरीच झाले, तुमच्यापैकी कितीजणींचं तसंच असेल. जाऊबाई म्हणाल्या, “भाषांतरात सगळीकडे एकच नाव घालून टाक, मराठी कोण वाचतंय तिथे?” मी ऐकलं नाही. जमाखर्चात चुकीची नोंद खोडत नाहीत, दुसरी नोंद करून मेळ घालतात, एवढं बी.कॉम.ला शिकलेय. कागदावर आहे तेच उतरवायचं आणि मेळ दुसऱ्या कागदाने घालायचा. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर दोन्ही नावं होती. शिवाय दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र मेट्रोने सिव्हिल कोर्टाला जाऊन करून आणलं.

मग माझा स्वतःचा जन्मदाखला, तो पुढे मुलाखतीला लागतो. माझा जन्म १९६१ चा, सांगली जिल्ह्यातल्या खेड्यातला. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा यायच्या आधीचा. तेव्हा नोंद कोतवाल बुकात व्हायची. भाच्याने तहसील कचेरीतून उतारा आणला. त्यात तारीख आहे, वडिलांचं नाव आहे, पुढे नुसतं ‘मुलगी’. बारशाआधीच नोंद झालेली, त्यामुळे नाव नाही. माझ्या भावाच्या नोंदीतही ‘मुलगा’ एवढंच आहे, तेव्हा राग धरण्यासारखं काही नाही. तरी बाईंनी त्या शब्दाचं इंग्रजी करून नावाच्या जागी ‘कोरे’ असं लिहिलं, तेव्हा मी जरा वेळ गप्प बसले.

उताऱ्यात नाव नसलं, की शाळेचा दाखला आणि तो जन्म माहीत असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं जोडतात. आई नाही, वडील नाहीत. एक साक्ष थोरल्या आत्तेबहिणीची मिळाली. दुसरी देणारी आता काकूच उरली आहे, वय पंच्याऐंशी. तिचं सामायिक होईपर्यंत वकील ओसरीवर बसून राहिले. मग ती सांगत गेली: ती नवी सून होती, पाऊस थांबत नव्हता, सुईण बैलगाडीतून आणली. वकिलांनी कामापुरतं लिहून घेतलं, बाकीचं मी माझ्या वहीत.

सही करताना काकूने विचारलं, “कायमचं म्हणजे काय गं?”

“तिथेच राहायला लागतं काकू. वर्षाच्या वर बाहेर राहिलं तर ते कार्ड धोक्यात येतं.”

“मग मी गेल्यावर यायला जमेल तुला?”

विमानाला एक दिवस लागतो, म्हटलं. तिने सावकाश एकेक अक्षर काढत सही केली.

पोलिसांचा दाखला अजून व्हायचा आहे, तो पासपोर्ट कार्यालयातून. एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले आमचे हे अजून “जाऊ” म्हणालेले नाहीत. मुलगा सोमवारी अर्ज भरतोय.