भुतं, गोळ्या आणि पोर्चमधले दिवे

हॅलोविनची भीती नेमकी कशाची बाळगायची हे ठरवायला मला अमेरिकेत बरीच वर्षं लागली. भुतांची नाही, ते सोडाच. मी म्हणतेय ती आईबापांची भीती. दर ऑक्टोबरात व्हॉट्सअ‍ॅपवर तेच ते निरोप फिरतात: गोळ्यांमध्ये विष असतं, सफरचंदात ब्लेड असतं, अमुक रंगाच्या गोळ्या म्हणजे ड्रग्ज. पुढे हात जोडलेले आणि ‘सर्व पालकांना पाठवा’.

आता या विषाच्या गोष्टीचं खरं काय ते बघा. डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट गेली कित्येक वर्षं हाच विषय धरून बसले आहेत. १९५८ पासूनच्या बातम्या त्यांनी तपासल्या. अनोळखी माणसाने दारात आलेल्या मुलाला विषारी गोळी दिली आणि ते मूल दगावलं, अशी एकही खात्रीची घटना त्यांना सापडली नाही. टेक्सासमध्ये १९७४ साली आठ वर्षांचा एक मुलगा नळीतल्या गोड पावडरीत सायनाइड घातल्यामुळे गेला हे खरं आहे. पण ते घालणारा त्याचा सख्खा बाप होता, विम्याच्या पैशांसाठी! १९८४ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. म्हणजे ज्या प्रकरणावरून सगळी अमेरिका शेजाऱ्यांना घाबरायला लागली, त्यात शेजाऱ्याचा काही संबंधच नव्हता.

तरी पिशवी घरी आली की मी ती जेवणाच्या टेबलावर उलटी करतेच. फाटलेलं वेष्टण असेल तर टाकून देते, आणि शेंगदाणा असलेलं सगळं बाजूला काढते, कारण लेकीच्या मैत्रिणीला त्याची अ‍ॅलर्जी आहे. २०१४ पासून इथे मोरपिशी रंगाचा भोपळा दारात ठेवायची पद्धत देशभर पसरली. तो दिसला की समजायचं, या घरी खाऊऐवजी पेन्सिली, स्टिकर असंही काही मिळेल. मला हे फार आवडलं. आम्हीही ठेवतो.

खरी भीती आहे ती गाड्यांची. २०१८ साली जामा पेडिअ‍ॅट्रिक्समध्ये एक अभ्यास आला होता. १९७५ ते २०१६ अशा ४२ वर्षांची अमेरिकेतली आकडेवारी घेऊन त्यांनी हॅलोविनच्या संध्याकाळची तुलना आठवडाभर आधीच्या आणि नंतरच्या संध्याकाळशी केली. पादचारी मृत्यूंचा धोका त्या दिवशी ४३ टक्क्यांनी जास्त निघाला, आणि चार ते आठ वर्षांच्या मुलांमध्ये तर जवळजवळ दहापट. सगळ्यात वाईट वेळ संध्याकाळी सहाच्या आसपासची, म्हणजे आपण ‘अजून उजेड आहे गं’ म्हणतो ती. मुळात असे मृत्यू थोडे असतात, म्हणून दहापट ऐकून कोणी मुलांना कोंडून ठेवू नये. पण माझी लेक सात वर्षांची आहे. त्यामुळे तो आकडा वाचल्यावर मी उठून पाणी प्यायले.

तर या सात वर्षांच्या बाईसाहेबांना व्हायचं होतं चेटकीण. नखशिखांत काळी. पुण्याहून आईचा सल्ला आला, "अगं, त्यापेक्षा झाशीची राणी कर की तिला!" फॅन्सी ड्रेस म्हटलं की आईची धाव झाशीपर्यंतच. (मला बालवाडीत तिने भाजीवाली केलं होतं, टोपलीत खरी मेथी घालून. घरी येईपर्यंत ती सुकली आणि रात्री तिचीच भाजी झाली. असो.) लेकीने अर्थातच आजीला दाद दिली नाही.

चेटकिणीचे कपडे दुकानात मिळतात ते सगळे नायलॉन नाहीतर पॉलिएस्टरचे, भुरूभुरू उडणारे, पायात येणारे. इथे मला आपली दिवाळी आठवली. फटाके उडवताना सुती कपडे घालायचे, ओढणी कमरेला खोचायची, हे आपल्याला कोणी शिकवावं लागलं का? हॅलोविनला मात्र दारोदारी भोपळ्यात मेणबत्त्या पेटलेल्या आणि मुलं झग्यात. २०१४ मध्ये ब्रिटनमधल्या टीव्ही निवेदिका क्लॉडिया विंकलमन यांच्या मुलीचा असाच ड्रेस मेणबत्तीवर पेटला आणि ती चांगलीच भाजली होती. २०२४ साली तर नरक चतुर्दशी आणि हॅलोविन दोन्ही ३१ ऑक्टोबरला आले. एकाच पायरीवर पणत्या आणि भोपळा! तेव्हापासून आमच्या भोपळ्यात बॅटरीचा दिवा आणि पणत्या वर खिडकीत.

शेवटी मी काळं सुती कापड आणून झगा घरीच शिवला, घोट्याच्या वर. टोपीला आणि पाठीवर चमकणारी पट्टी लावली, सायकलवाले लावतात ती. मुखवटा नाही, कारण त्यातून बाजूचं दिसत नाही. चेहऱ्याला रंग, तोही आदल्या दिवशी हातावर लावून बघितलेला. झाडूच्या दांड्यालाही पट्टी हवी असा हट्ट झाला. तिथे मी काय नाही म्हणणार?

लेकीचं सोपं होतं. चिरंजीव बारा वर्षांचे. त्यांना यंदा फक्त मित्रांबरोबर जायचंय, आईबाबांशिवाय. नवरा म्हणाला, "जाऊ दे की. तुम्ही मुली नाही का भोंडल्याला घरोघर हिंडायचात?" हिंडायचो, खिरापत ओळखत. पण त्या प्रत्येक घरातली काकू मला नावाने ओळखत होती. इथे मला डोक्यातून न जाणारी गोष्ट योशिहिरो हात्तोरीची आहे. १६ वर्षांचा जपानी मुलगा, लुइझियानातल्या बॅटन रूजला शिकायला आलेला. १९९२ च्या ऑक्टोबरात पांढरा सूट घालून हॅलोविनच्या पार्टीला निघाला आणि चुकून भलत्याच दारात गेला. घरमालक बंदूक रोखून ‘फ्रीझ’ म्हणाला. याला ते कळलं नाही, ‘आम्ही पार्टीला आलोय’ म्हणत तो पुढे झाला. ज्यूरीने पुढच्या वर्षी घरमालकाला निर्दोष सोडलं. हात्तोरीच्या आईवडिलांनी जपानमध्ये बंदुकांविरुद्ध १७ लाख सह्या गोळा केल्या.

हे ३१ ऑक्टोबरच्या गोळ्या मागण्यात घडलेलं नाही, मला कळतं. तरी मुलाला मी ती गोष्ट सांगितली. तो ऐकून घेऊन म्हणाला, "पण आई, मला ‘फ्रीझ’ कळतं." मला पटकन काही बोलता आलं नाही.

खूप घासाघीस होऊन ठरलं ते असं: ओळखीच्या चार गल्ल्या, जिथे पोर्चचा दिवा लागलाय तीच घरं, दिवा नसेल तर दारापर्यंतही जायचं नाही, हातात खेळण्यातली बंदूक नाही, कोणाच्या घरात आत शिरायचं नाही, आठला परत. निन्जाच्या काळ्या पाठीवर चमकणारी पट्टी लावायला तो तयार नव्हता. "खरे निन्जा दिसत नाहीत," म्हणे. मग बाबाने त्या पट्टीचा ड्रॅगन कापून दिला. तो चालला.