नोव्हेंबरातले दहा जण

नोव्हेंबर लागला की अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा चाहता हिशेबाला बसतो. सामना चाळीस मिनिटांचा, मैदानावर एका वेळी पाच जण, म्हणजे वाटायला मिनिटं दोनशे. चांगले गडी दहा असले तर प्रत्येकाच्या वाट्याला वीस. सगळे ताजेतवाने, कुणाची कुरकुर नाही, एखाद्याचा पाय मुरगळला तरी बेहत्तर. बाजारात तुरी म्हणतात ते हेच; पण या तुरी महिनाभर जिभेवर घोळवण्यात जी गंमत आहे, ती मार्चमधल्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या विजयातही नसावी.

या उतावळेपणाला तिथे परंपरा आहे. सरावाला १५ ऑक्टोबरपासून परवानगी, असा नियम होता तेव्हा १९७१ साली मेरीलँड विद्यापीठाचे प्रशिक्षक लेफ्टी ड्रीझेल यांनी पोरांना मध्यरात्री बारा वाजून तीन मिनिटांनी पळायला लावलं. तारीख लागली ना, मग सकाळची वाट कशाला पाहायची? पुढे त्याचा उत्सव झाला. केंटकीतल्या लेक्सिंग्टनमध्ये तर त्या पहिल्या सरावाच्या तिकिटांसाठी लोक तंबू ठोकून मुक्कामाला यायचे. सामना नाही, प्रतिस्पर्धी नाही. पोरं पळताना पाहायची, एवढंच.

याच केंटकी विद्यापीठाच्या संघाला २०१४ मध्ये तो दहा जणांचा हिशेब खराखुरा जमला. शाळकरी खेळाडूंतल्या निवडक पोरांना मिळणारा मॅकडॉनल्ड्स ऑल-अमेरिकन हा मान त्या संघातल्या नऊ जणांकडे होता. प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांनी त्यांच्या सरळ दोन पलटणी केल्या, निळी आणि पांढरी. चारेक मिनिटं झाली की पाचच्या पाच बाहेर, नवे पाच आत. १८ नोव्हेंबरला इंडियानापोलिसमध्ये कॅन्ससला त्यांनी ७२-४० असं धुतलं. डिसेंबरात यूसीएलएविरुद्ध मध्यंतराचा फलक ४१-७ दाखवत होता. भारतात हे सामने कधी पहाटे, कधी सकाळच्या चहाला येतात. तो आकडा पाहून मला टीव्हीच बिघडल्यासारखा वाटला होता.

माझी नजर मात्र नेहमी बाकाकडे जाते. आत जायची खूण झाली की मुलगा सरावाचा सदरा डोक्यावरून ओढतो, घाईत एक बाही अडकते, ती तो झटकतो. मग गुणलेखकाच्या टेबलापुढे येऊन उकिडवा बसतो, बुटांचे तळवे हाताने पुसतो आणि भोंग्याची वाट पाहतो. खेळ थांबल्याशिवाय भोंगा वाजत नाही. कधी कधी दोन-दोन मिनिटं खेळ थांबतच नाही, आणि तेवढ्यात प्रशिक्षकाचं मन बदलतं. मुलगा उठून परत बाकावर. सदरा पुन्हा घालायचा की हातातच ठेवायचा, हेही त्याला सुचत नाही.

हे मन बदलणं जानेवारीपासून वाढत जातं. ठोकून काढायला मिळालेले दुबळे पाहुणे संपतात, आपल्याच विभागातले जुने वैरी समोर येतात, आणि दहाचे आठ, आठाचे सात होतात. दमणुकीचं कारणही फारसं उरत नाही, कारण टीव्हीच्या जाहिरातींसाठी प्रत्येक अर्ध्यात साधारण दर चार मिनिटांनी खेळ थांबतोच. पाच फाउल झाले की गडी बाद, ही एक धास्ती तेवढी राहते. प्रशिक्षकाला आता ताजे पाय नको असतात, ओळखीचे हात हवे असतात. मला त्यात कद्रूपणा दिसतो, पण नोकरी त्यांची जाते, माझी नाही.

केंटकीच्या पलटणी तर डिसेंबरातच मोडल्या. ॲलेक्स पॉयथ्रेसचा गुडघा गेला आणि दहाचे नऊ झाले. तरी संघ ३८ सामने जिंकत गेला. एप्रिलच्या ४ तारखेला, पुन्हा इंडियानापोलिसमध्येच, राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात विस्कॉन्सिनने त्यांना ७१-६४ असं रोखलं आणि हंगामातला पहिला पराभव पदरात घातला. त्याच संघातला डेव्हिन बुकर त्याच्या अडतीसही सामन्यांत बाकावरून उठून खेळला, एकदाही सुरुवातीच्या पाचांत नव्हता. दोन वर्षांनी व्यावसायिक लीगमध्ये त्याने एका सामन्यात ७० गुण काढले. इतकं धन पेटीत असताना हरायचं, याला काय म्हणावं!

आणि त्या स्पर्धेचा करंडक नेला कुणी? ड्यूक विद्यापीठाने. जानेवारीत एका खेळाडूला काढून टाकल्यावर त्यांच्याकडे शिष्यवृत्तीवरचे गडी उरले होते अवघे आठ. त्यातला ग्रेसन ॲलन हा पहिल्या वर्षाचा पोरगा सामन्यामागे जेमतेम चार-साडेचार गुणांचा धनी. अंतिम सामन्यात विस्कॉन्सिन नऊ गुणांनी पुढे, ड्यूकचा धिप्पाड ओकाफोर फाउलांच्या पेचात, आणि या पोराने एकट्याने ड्यूकचे सलग आठ गुण काढले. दूरवरून एक तीन गुणांची फेक, मग चेंडू हिसकावणं, मग अंगावर गडी घेऊन मुसंडी. एकूण १६ गुण, ड्यूक ६८-६३.

पुढच्या हंगामात तोच ॲलन संघाचा मुख्य आधार झाला. ड्यूकचा कुठलाही चाहता तेव्हा छातीवर हात ठेवून सांगायला तयार होता, की हे पोरगं मी नोव्हेंबरातच हेरलं होतं.