आजीचा बंब

मुलांनो, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले सोनाळा हे बुलढाणा जिल्ह्यातील माझे गाव. उन्हाळ्यात अंगाची लाही करणारा आमचा वऱ्हाड थंडीत अगदी निराळे रूप धारण करतो. मार्गशीर्ष सरत आला की डोंगरावरून उतरणारा पहाटवारा हाडांपर्यंत पोहोचतो. अशा वेळी साऱ्या घराचे लक्ष न्हाणीजवळच्या तांब्याच्या बंबाकडे लागलेले असे.

बंब तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलाही नसेल. पोटाशी फुगीर असे ते एक उंच भांडे. त्याच्या मधोमध उभी नळी, नळीच्या तळाशी जाळी आणि भोवती पाणी. नळीत वरून जळण सोडायचे, राख जाळीतून खाली पडायची आणि तोटी फिरवली की कढत पाणी हाती यायचे. तो पेटवण्याचे काम माझ्याकडे होते. त्यामुळे कोणते जळण कसे जळते, हे मला शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक झाले होते. पऱ्हाटी भडकते आणि तितक्याच लवकर विझते. तुराटी आवाज फार करते. खरे जळण म्हणजे मक्याचे बुरकुंड! दाणे काढून उरलेला कणसाचा तो गाभा एकदा धरला की संथपणे निखारा होऊन राहतो. मक्याचे पीक आमच्याकडे तेव्हा फारसे नव्हते. विहिरीजवळच्या तुकड्यात होई तेवढेच. म्हणून बुरकुंडे जपून वापरावी लागत.

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. मी तेव्हा तुमच्याच वयाचा होतो. शेतात ज्वारी भरली नाही. माणसे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. शिधावाटपाच्या दुकानात अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी मिळे. तिला सारे ‘मिलो’ म्हणत. तिची भाकरी थापताना चिरे आणि खाताना घशाशी अडे. आजी त्या पिठात घरच्या मक्याचे पीठ मिसळी. त्यासाठी रोज रात्री कंदिलाच्या उजेडात आम्ही कणसे सोलत असू. अंगठ्याची साल निघे.

अशाच एका रात्री मला सोलण्याचा कंटाळा आला. माझ्या वाट्याची चार-पाच कणसे मी अर्धीच सोलली आणि बुरकुंडांच्या टोपलीत तळाशी लपवली. पहाटे ती मुकाट्याने बंबात सोडली. क्षणभर काहीच झाले नाही. मग नळीतून तडतड असा आवाज येऊ लागला, जणू कोणी लाह्या भाजीत आहे. तो आवाज सबंध घराने ऐकला. आजी चुलीपुढून उठून आली. तिने नळीत चिमटा घातला. चिमटा आखूड पडला, तेव्हा हात घातला. दोन जळकी कणसे बाहेर आली. तिच्या बोटांवर टरारून फोड आले होते. “बाबू, याले तं दाने हायेत रे!” एवढेच ती म्हणाली. तिने मला मारले असते तर बरे झाले असते. त्या करपलेल्या कणसांवरचे चांगले दाणे वेचून तिने सुपात टाकले आणि मला गरम पाणी काढून दिले. ते पाणी अंगावर घेताना मला कसे वाटले, हे मी आजही सांगू शकणार नाही.

पुढे मी शिक्षक झालो आणि ही हकीकत अनेकदा वर्गात सांगितली. २००५ च्या सुमारास एका जुन्या विद्यार्थ्याचे पत्र आले. तो अमेरिकेत आयोवा राज्यात स्थायिक झाला होता. तेथे हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो आणि घर उबदार ठेवणे ही जिवाची गरज असते. त्याने लिहिले होते, “सर, आमच्या घरातही आता बंब आहे, पण तो मक्याच्या दाण्यांवर चालतो.” एका मोठ्या पेटीत दाणे ओतायचे. फिरणारा मळसूत्री दांडा ते थोडे थोडे आगीत ढकलतो, पंखा वारा घालतो आणि तापलेले पाणी नळांतून खोल्याखोल्यांत फिरून घर ऊबदार करते. राख वितळून तिचा दगडासारखा खडा होतो, तो मात्र रोज काढावा लागतो. कडाक्याच्या थंडीत दिवसाला पंचवीस ते पन्नास किलो मका लागतो!

पत्र वाचून माझा हात थरथरला. पंचवीस किलो! आमच्या घरातील सात माणसे तेवढ्यावर किती दिवस जगली असती?

परंतु पत्र तेथे संपले नव्हते. पहिले पोते ओतताना तुमच्या आजींची आठवण होऊन माझे हात थबकले, असे त्याने लिहिले होते. त्याचबरोबर त्याने हिशेबही मांडला होता. सुमारे सव्वादोन किलो मक्यात एक लिटर रॉकेलाइतकी उष्णता असते. त्या वर्षी मका स्वस्त होता आणि घर तापवण्याचा वायू फार महाग. तेथील जुनी माणसे सांगत की १९३२-३३ च्या मंदीत मक्याला कोळशाइतकाही भाव उरला नव्हता, म्हणून शेतकऱ्यांनी तोच शेगडीत घातला. धान्य पिकवणाऱ्याला ते जाळणे परवडावे, ही त्याची चैन म्हणायची की दैना? मी बराच वेळ विचार करीत बसलो. त्या शेतकऱ्याला उधळा म्हणण्याचे धैर्य मला होईना. आजीच्या बोटांवरचे फोडही डोळ्यांपुढून हलेनात. उत्तरात मी इतकेच विचारले की तुमच्याकडे बुरकुंडांचे काय करतात? त्याने कळवले की कापणीचे यंत्र दाणे शेतातच काढून घेते आणि बुरकुंडे तेथेच मातीत टाकून देते. हे वाचून मात्र मला हसू आले.

२००७ च्या जानेवारीत मक्याची भाकरी महागली म्हणून मेक्सिको देशात लोक रस्त्यावर आले. पुढच्या वर्षी मक्याचा भाव आणखी चढला. माझ्या विद्यार्थ्याने त्याच बंबात लाकडाच्या भुशाच्या गोळ्या घालण्यास सुरुवात केली. भावामुळे की आजीमुळे, हे त्याने लिहिले नाही आणि मीही विचारले नाही. आता तर आपल्या देशातही मक्यापासून इथेनॉल काढून ते पेट्रोलात मिसळतात. आमच्या जिल्ह्यातही मक्याची शेते पुष्कळ दिसतात आणि मक्याला गिऱ्हाईक वाढले म्हणून शेतकरी आनंदतो. त्याच्या आनंदात मीही सहभागी आहे, जरी मनात कोठेतरी ती तडतड ऐकू येते.

दिवाळीच्या पहाटे आमचा बंब अजून पेटतो. बुरकुंडांची टोपली नातू आणून देतो. यंत्राने सोललेल्या कणसाच्या टोकाशी एखाददुसरा दाणा राहिलेला असतो. मी तो अंगठ्याने काढू लागलो की नातू म्हणतो, “आबा, पाणी कधी तापायचं?” मी दाणे शेजारच्या कोंबडीपुढे टाकतो आणि बुरकुंड नळीत सोडतो.