कुर्दी गाणे आणि 'अस्सल' हा शब्द : आयनूर दोआन यांच्याविषयी

१/ इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात सर्वप्रथम शिकवली जातात ती साधने. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, तेव्हापासून आपल्याकडे 'अस्सल कागद' या शब्दाला मोठे वजन आहे. पण ज्या समाजाच्या भाषेलाच बंदी होती, त्याचे अस्सल साधन कोणते? आयनूर दोआन या कुर्दी गायिकेच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना हा प्रश्न मला पडला. त्याविषयी हा थ्रेड.

२/ कुर्दांचा प्रदेश मुख्यतः तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया या चार देशांत विभागलेला आहे. त्यांच्या गायक-कथेकऱ्याला 'देंगबेज' म्हणतात. 'देंग' म्हणजे आवाज, 'बेज' म्हणजे सांगणे. लढाया, टोळ्यांची वैरे, फसलेली प्रेमे हे सारे तो बहुधा वाद्याविना, निव्वळ स्मरणातून गातो. त्याचा कंठ हेच समाजाचे दप्तर.

३/ तुर्कस्तानात १९८३ च्या २९३२ क्रमांकाच्या कायद्याने कुर्दी भाषेतील प्रकाशन व प्रसारण बेकायदा ठरले. तो कायदा १९९१ मध्ये रद्द झाला. त्याआधीही दडपण होतेच. शिवान पेर्वेर या गायकाने १९७६ मध्येच देश सोडला. त्यांची गाणी चोरवाटेने आलेल्या कॅसेटांतून घरोघर पोहोचली. आर्मेनियातील येरेवान रेडिओ १९५५ पासून कुर्दी कार्यक्रम देत असे. सीमेपलीकडे लोक तो दारे लावून ऐकत.

४/ स्त्रियांवर बंधन दुहेरी होते. अंगाई आणि मृतासाठीचा विलाप त्यांचाच. पण परक्यांसमोर गाणे अप्रतिष्ठेचे. मेरियम खान आणि आयशे शान यांनी ती चौकट मोडली. आयशे शान यांना त्यासाठी घरच्यांचा रोष पत्करावा लागला. आयनूर यांच्या आधीची ही वाट आहे, आणि ती अरुंद आहे.

५/ आयनूर यांचा जन्म १९७५ चा, चेमिश्गेझेक या गावचा. हा प्रदेश देर्सिमचा. १९३५ मध्ये सरकारने त्याचे नाव बदलून 'तुंजेली' केले आणि १९३७-३८ च्या लष्करी मोहिमेत तेथे हजारो माणसे मारली गेली. १९९० च्या दशकात तुर्की सैन्य आणि कुर्दी बंडखोर यांच्या संघर्षाने हा भाग पुन्हा होरपळला. १९९२ मध्ये आयनूर इस्तंबूलला आल्या आणि तेथे साझवादन व गायन शिकल्या.

६/ २००४ मध्ये त्यांची 'केचे कुर्दान' ही ध्वनिमुद्रिका आली. नावाचा अर्थ 'कुर्दी मुलगी'. शीर्षकगीत शिवान पेर्वेर यांचे, स्त्रियांना जागे होण्याचे आवाहन करणारे. २००५ मध्ये दियारबकरच्या न्यायालयाने तिच्यावर बंदी घातली. स्त्रियांनी नवऱ्यांना सोडून डोंगरात, म्हणजे बंडखोरांकडे जावे, अशी चिथावणी त्यात दिसते, असे कारण दिले गेले. त्याच वर्षी बंदी उठली. एका गाण्याची राज्यसंस्थेला इतकी धास्ती वाटावी, हीच त्या गाण्याच्या साधनमूल्याची पावती आहे, असे मला वाटते.

७/ पुढे 'हेवरा' (२०१४) या ध्वनिमुद्रिकेत स्पॅनिश संगीतकार हाविएर लिमोन यांची फ्लामेंकोची जाण मिसळली. 'हावनियाझ' (२०१६) मध्ये इराणचे कैहान कल्होर यांचा कमांचा, जेमिल कोचगिरी यांचा तंबूर आणि अझरबैजानचे सलमान गंबारोव यांचा जॅझ पियानो आहे. पियानो सूर मांडून थांबतो. त्या मोकळ्या जागेत आयनूर यांचा आवाज विलापाच्या जुन्या वळणाने चढत जातो.

८/ यावर नेहमीचा आक्षेप असा, की अशा मिश्रणाने मूळ गाणे उरत नाही. मला तो मान्य नाही. मूळ म्हणून दाखवावे असे अस्पर्श गाणे आहे कोठे? एका पिढीला ते कॅसेटमधून मिळाले, दुसरीला शेजारच्या देशाच्या रेडिओवरून, तिसरीला महानगरातल्या खोलीत. प्रत्येक टप्प्यावर त्याने नवे वाहन घेतले, म्हणूनच ते टिकले. पियानो हे त्यातले ताजे वाहन.

९/ आणि हा प्रवास संपलेला नाही. जुलै २०११ मध्ये तेरा सैनिक मारले गेल्यानंतरच्या तप्त वातावरणात, इस्तंबूलच्या जॅझ महोत्सवात आयनूर कुर्दीत गाऊ लागल्या. प्रेक्षकांतील काहींनी हुर्यो उडवली, उशा फेकल्या. त्यांना मंच सोडावा लागला. मे २०२२ मध्ये देरिंजे नगरपालिकेने त्यांचा कार्यक्रम रद्द केला. मधल्या काळात, २०२१ मध्ये, जागतिक संगीतक्षेत्रातील 'वोमेक्स' पुरस्कार त्यांना मिळाला होता.

१०/ माझ्या लघुप्रबंधासाठी मी मौखिक साधने निवडली आहेत. 'याची अस्सल प्रत कोणती?' हा प्रश्न मौखिक परीक्षेत येणार, हे ठाऊक आहे. कागदाची अस्सलता शाई, शिक्का आणि हस्ताक्षर यांवरून ठरते. गाण्याच्या बाबतीत ते कोणी, कोणासमोर, काय पणाला लावून गायिले, हे तपासावे लागेल. त्या कसोटीवर आयनूर यांचे पियानोसोबतचे गाणेही मी अस्सलच मानते.

ज्यांनी हे संगीत कधी ऐकले नाही, त्यांनी 'हावनियाझ'पासून आरंभ करावा. शक्यतो रात्री, आणि मध्ये न थांबता.