पंधरा मिनिटे

नागपूरहून निघालेल्या आमच्या सहलीचा परदेशातला पहिला दिवस सोनौलीच्या सीमेवर सुरू झाला. व्हिसा नाही, विमान नाही. मतदार ओळखपत्र पुरले. "नेपाळची वेळ आपल्या १५ मिनिटे पुढे आहे, घड्याळे लावून घ्या," असे पोरसवदा सहलप्रमुखाने सांगितले, तेवढीच काय ती परदेशाची खूण. आम्ही भावंडे जरा हिरमुसलोच. आईने घड्याळ तसेच ठेवले.

लुंबिनीत आम्हांला ४० मिनिटे मिळाली. अशोकस्तंभावरील ब्राह्मी लेखात बुद्धजन्माचा आणि गावाला दिलेल्या करसवलतीचा उल्लेख आहे, एवढे ऐकून आम्ही छायाचित्रांमागे लागलो. आई स्तंभासमोर बसली, ती उठेना.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी ती पाच वर्षांची होती. नागपूरचा तो जनसागर तिने आजोबांच्या खांद्यावरून पाहिला होता. पुढच्याच महिन्यात बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला आले आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. तेव्हापासून आजोबांना लुंबिनीला यायचे होते. गिरणीच्या पाळ्यांतून ते कधीच जमले नाही.

सहलप्रमुखाने शिटी वाजवली. आई शांतपणे म्हणाली, "थांब न बाप्पा, ते पंधरा मिनिटं अजून माह्याजवळच हायेत."

बस थांबली. कोणीही कुरकुर केली नाही. तेवढ्या वेळात ती मनाशी काय बोलली, हे आम्ही तिला आजवर विचारलेले नाही.