पीळ नसलेला दोर

१४ ऑगस्ट
बॅगेत कपडे कमी, दोर जास्त. पॉलिस्टरचा, ८ मिलिमीटर, दुहेरी विणीचा. आई म्हणाली, "एवढा कायले? धुणं वाळू घालाले?" गोव्यातल्या एका शिडाच्या नावेसाठी याचं अखंड कडं करून न्यायचंय. पोळ्याची सुटी मिळाली ती याच बोलीवर.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन उरकून भाचा आला. त्याला वहीत चित्र काढून दाखवलं. पुढचं शीड तारेभोवती गुंडाळतं. तळाशी खाचेची चकरी, तो फर्लर. तिच्यात दोर बसतो. एक पदर ओढला की शीड गुंडाळतं, दुसरा ओढला की उलगडतं. दोराला टोक नाही. गाठ मारून भागत नाही, खाचेत अडकते. मग शीड अर्ध्यावर. वारा चढलेला असताना अर्ध्यावरचं शीड म्हणजे काय, ते त्याला कळलं नाही. बरंय.

१६ ऑगस्ट
लाईट नाही. ओट्यावर बसून पहिलं टोक उघडलं. आधी हातभर मागे सैल सरकगाठ, नाहीतर आतला गाभा पार आत पळतो. वरची वीण दाभणानं बाजूला सारायची, धागा तुटता कामा नये. फटीतून पांढरा गाभा दिसतो. चिमटीत धरून ओढला की बाहेर येतो आणि कव्हर रिकामं लोळत राहतं. कात टाकलेल्या सापासारखं.
या टोकाचा गाभा काढायचा, त्या टोकाचं कव्हर. मग त्याचा उघडा गाभा याच्या रिकाम्या कव्हरात. सायकलची तार दुमडून ओढायला घेतली. बाजारात मिळणाऱ्या सुयांपेक्षा बरी चालते.

रात्री: बैलांना कुटार टाकताना बाबा बराच वेळ गोठ्यातच.

१७ ऑगस्ट
बाबा दोर वळायचा ढेरा घेऊन बसले. अंबाडी कुठून आणली, सांगत नाहीत. पूर्वी पऱ्हाटीच्या धुऱ्यावर असायची. भाजी व्हायची, वाळली की देठ पाण्यात कुजवून वाख निघायचा. आता दुकानात नायलॉनचा कासरा, लाल-हिरवा, तयार.
माझा दोर हातात घेऊन उलटा-सुलटा केला.
"पीळ नाई. मंग याले धरते कोन?"
सांगितलं, वीण. ओढली की ती आवळते. जितकं ओढाल तितकी आतल्या गाभ्याला जास्त धरते.
"अन् ढिल्ला सोडला तं?"
तिथे म्हणून शिवण घालावी लागते. मान डोलावली. पटलं की नाही, कळलं नाही.

१८ ऑगस्ट
व्यापारी येऊन गेला. चहा घेतला. बैलांचे दात पाहिले.

१९ ऑगस्ट
बाबांची बैलासाठीची मोरकी झाली. टोकाचे तीन पेड उकलले, दोराच्या अंगातले पेड उचलून प्रत्येक पेड एकाखालून काढला, एकावरून घेतला. जोड कुठे आहे ते बोटाला कळतं, डोळ्याला नाही. गाठ का नको, तर कातडं सोलतं.
माझं कव्हर आज बसलं. दोन्ही गाभ्यांचा जोड आणि दोन्ही कव्हरांचा जोड एका जागी येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर तिथे फुगवटा. धागे एकेक कमी करत टोक निमुळतं करायचं आणि आत लपवायचं. चांभाराचा मेणदोरा वापरला.

२० ऑगस्ट
विहिरीवरच्या चाकावरून कडं फिरवून पाहिलं. पहिल्या फेरीला जोडापाशी किंचित अडखळलं. पाण्यात भिजवून, पायाखाली रगडून पुन्हा. गेलं. बाबा काठावर उभे. "पंपाले काई कामाचं नाई थे," म्हणाले.

भाच्याला डायनिमा दोराचा एक तुकडा दिला. ५ मिलिमीटर. पाण्यावर तरंगतो, दीडशे अंशाच्या आसपास वितळतो, आणि इतका गुळगुळीत की गाठ सरकते. यात टोक आत लपवायचं ते जाडीच्या ७२ पट: ३६ सेंटिमीटर. पोरगं पट्टी घेऊन बसलं.

२१ ऑगस्ट
खांदशेकणी. हळद-लोणी, पळसाची पानं. म्हातारा बैल खांदा पुढे करतो, त्याला माहीत आहे.
जेवताना नौदलाच्या तारिणी या शिडाच्या नावेच्या जगप्रदक्षिणेचं निघालं. २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघाली, २९ मे २०२५ ला परत. दिलना आणि रूपा, नौदलाच्या दोघी अधिकारी. वाटेत फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केपटाउन. बाकी सगळं पाणी.
आई: "दोघीच? मंग सैपाक कोन करे?"
बाबा: "दोर तुटला तं?"
तुटला तर वाटेतच जोडायचा, दुसरं काय.

२२ ऑगस्ट
पोळा. नवी मोरकी, नवा कासरा, शिंगांना बेगड. तोरणाखाली जोड्या कमीच. बाबा कोणाशी फारसं बोलले नाहीत. आईनं पुरणपोळी बैलांच्या तोंडात आपल्या हातानं दिली, मग आम्हाला वाढलं.

२३ ऑगस्ट
टेम्पो सकाळीच आला.
मोरक्या बाबांनी काढून घेतल्या. नायलॉनच्या घालून पाठवले.

२४ ऑगस्ट
कडं गुंडाळून बॅगेत. बाबांनी भाव विचारला. मीटरला किती ते सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "थो उरलेला तुकडा ठेवून जाय. ट्रॅक्टरवाल्याची ताडपत्री बांधाले होते."
डायनिमाचाही मागितला. तो भाचा देत नाही.