नमुना न उमटलेला जिवाणू

नेदरलँड्समधल्या सहा महिन्यांच्या एका मुलीच्या शस्त्रक्रियेआधीच्या तपासणीत एमआरएसए हा औषधांना दाद न देणारा जिवाणू सापडला. आईवडील डुकरं पाळणारे. मग त्या भागातल्या २६ वराहपालकांना तपासलं, तर सहाजणांच्या अंगावर तो निघाला. हे प्रमाण डच रुग्णालयांत दाखल होणाऱ्या रुग्णांपेक्षा ७६० पटींहून जास्त होतं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली ही हकिकत वाचून मी अडले. माणसावरचा आणि डुकरावरचा जिवाणू एकच, हे ठरवतात कसं?

मी वाणिज्य शाखेची. पशुवैद्यक भाचीला फोन केला. "मावशी, आधी पीएफजीई समजून घे," ती म्हणाली. पल्स्ड-फील्ड जेल इलेक्ट्रोफोरेसिस. जिवाणूचा डीएनए एका एन्झाइमने ठरावीक जागी तोडायचा, तुकडे जेलमध्ये ठेवायचे आणि विजेची दिशा बदलत राहायची. मोठे तुकडे हळू सरकतात, छोटे पुढे जातात, पट्ट्यांचा नमुना उमटतो. नमुने जुळले तर वाण एक. एवढं कळायला मला अख्खी संध्याकाळ लागली, आणि पुढे वाचते तो काय, डुकरांकडच्या या जिवाणूचा नमुना उमटतच नव्हता! नेहमीचा एन्झाइम स्मा-१. पण या जिवाणूने आपल्या डीएनएवर त्याच जागी मिथाइल गट चढवलेले, त्यामुळे तो तुटेचना. तपासणी फसली, आणि ते फसणंच या वाणाची पहिली खूण ठरलं.

मग दुसऱ्या पद्धती. एमएलएसटीत सात जनुकांचे साडेचारशे-पाचशे अक्षरांचे भाग वाचतात. प्रत्येक जनुकाच्या प्रकाराला क्रमांक, आणि सातांच्या संचाला एक क्रमांक. या वाणाचा एसटी३९८. मला वाटलं, ३९९ त्याचा सख्खा भाऊ असणार. तसं नाही. क्रमांक नवा प्रकार सापडेल तसा देतात, आकड्यांच्या जवळिकीला अर्थ नाही. स्पा टायपिंगमध्ये प्रोटीन ए या एकाच जनुकातले पुन्हा पुन्हा येणारे तुकडे मोजतात, त्यांचा क्रम पाहतात. एसटी३९८ मध्ये टी०११ आणि टी१०८ हे स्पा प्रकार वारंवार भेटतात.

आता दोन फार्मवर टी०११ सापडला, तर एकाकडून दुसऱ्याकडे गेला म्हणायचं? इथे मी बराच वेळ गोंधळले. पिनकोड सारखा म्हणून घर एक ठरत नाही. टी०११ युरोपभर पसरलेला आहे. घर गाठायला संपूर्ण जनुकसंच, सुमारे २८ लाख अक्षरं, वाचून किती ठिकाणी फरक आहे ते पाहावं लागतं. १९ देशांतल्या ८९ जिवाणूंचे जनुकसंच असे ताडून २०१२ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की हा वाण मुळात माणसातला. तो जनावरांत गेला आणि मेथिसिलिन, टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकांना न जुमानण्याची ताकद त्याला तिथे मिळाली. हे वाचून मी सुन्न झाले. दोष डुकरांचा, असं मी धरूनच चालले होते.

नॉर्वेत हा जिवाणू सापडला की डुकरांचा अख्खा कळप काढून टाकतात, म्हणजे निष्कर्षाची किंमत मोठी असते. म्हणून तपासणीच्या अहवालात दोन फार्मवर 'एकच प्रकार' असं वाचलंत, तर लगेच कुणावर बोट ठेवू नका. कुठल्या पद्धतीने तपासलं, किती अक्षरांचा फरक निघाला, आणि पिल्लं कुणी कुणाकडून विकत घेतली, हे तिन्ही आधी विचारा.